मुंबई ते लंडन: ७,२०० किलोमीटर, पण तास किती?

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. त्याचे आईबाबा जुलैमध्ये पहिल्यांदाच लंडनला निघालेत, दोघंच. तिकिटावर सुटायची वेळ दुपारी २, पोहोचायची संध्याकाळी ६.३०. तो विचारतो, "साडेचार तासांचाच प्रवास ना? मग आईच्या शुगरच्या गोळ्यांचं टेन्शन नको?"

थांब मित्रा! त्या दोन वेळा दोन वेगळ्या शहरांच्या घड्याळातल्या आहेत. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे हा प्रवास ९ तासांचा. याच वेळा जानेवारीच्या तिकिटावर असत्या, तर १० तासांचा. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेवढं लक्षात ठेवा.

आता अंतराकडे येऊ. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर ८ तास झाले. मग वरचा वेळ जातो कुठे?

पहिलं कारण जमिनीवरचं. तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं.

दुसरं, वारा. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना मागून ढकलतात. म्हणून येतानाचा प्रवास बहुतेक वेळा कमी तासांचा असतो.

तिसरं आणि आजकाल सगळ्यात महत्त्वाचं, रस्ता. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघा. तो पाकिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, परदेशी कंपन्यांना नाही. त्यामुळे शहरं तीच असली तरी कंपनीप्रमाणे रस्ता बदलतो, आणि वेळही.

म्हणून गूगलवरचं अंतर बघून तास काढू नका. तिकिटावर एकूण प्रवासाचा वेळ वेगळा लिहिलेला असतो, तो बघा. त्यात घर ते एअरपोर्ट, चेक-इनचे तास, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाचा वेळ मिळवा. ९ तासांचा प्रवास सहज १५-१६ तासांवर जातो.

हा खरा आकडा घेऊन निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. गोळी कधी, जेवण कधी, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. आणि औषधं हँडबॅगमध्येच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

तुमच्या घरून कोण कुठे निघालंय? व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या भागात!