फोनवरचं 'बेसेदेर'



तिश्रीचे सण संपले की आपल्यापैकी अनेकांची नातवंडं शिकायला बाहेरगावी जातात. कोणी बेर शेवाला, कोणी येरुशलायिमला, कोणी हैफाला. म्हणून या वेळी ब्लडप्रेशर आणि साखर बाजूला ठेवते आणि त्यांच्याविषयी लिहिते. जास्त करून त्यांच्या आईबापांविषयी, म्हणजे आपल्याच मुलामुलींविषयी.

माझा नातू दिमोनाहून हैफाला निघाला तेव्हा जावई म्हणाले, "आई, सैन्यात राहून आलाय तो. त्याला काय होणार?" घरात सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आणि मी तर जन्मभर नर्स. पण सैन्यात पहाटे उठवायला माणूस असतो. जेवण वेळेवर तयार असतं. ताप आला तर डॉक्टर सैन्याचाच. सोबतची मुलं रात्रंदिवस एका खोलीत. मेओनोतमध्ये मुलगा दुपारपर्यंत झोपून राहिला तरी दार वाजवायला कोणी येत नाही. बावीस वर्षांचा दांडगा मुलगा, पण स्वतःच्या झोपेचा आणि जेवणाचा हिशेब त्याने कधी ठेवलेलाच नसतो.

माझी मुलगी रोज दोनदा फोन करी. "जेवलास का?" "बेसेदेर." "झोप होते ना?" "हाकोल बेसेदेर, इमा." तिचं समाधान होई.

हनुक्काला तो घरी आला. त्याच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं मी पाहिलं. पहिल्या रात्री पहाटे चारला झोपला, उठला दुपारी दोनला. मी चहा दिला आणि वॉर्डात विचारायचे तसं विचारलं. रोग्याला "बरं आहे ना?" असं विचारून काही कळत नाही, तो हो म्हणतो. "काल डोळा किती वाजता लागला? सकाळी काय खाल्लंस? किती?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. आलं. सकाळचे तास बुडत होते, मागे पडला म्हणून रात्री जागत होता, त्यामुळे सकाळी आणखी उशीर. जेवण म्हणजे कॉफी आणि बिस्किटं. आईने दिलेले मटणाचे डबे सामायिक फ्रिजमध्ये मावले नाहीत, अर्धे फेकून दिले. हे तिला सांगायची त्याला लाज वाटत होती.

मला माझं आठवलं. अलिबागहून मुंबईला नर्सिंगच्या होस्टेलवर आले तेव्हा दर आठवड्याला घरी पोस्टकार्ड टाकायची. "मी येथे खुशाल आहे." रात्रपाळीला कपाटाआड रडले तरी कार्डावर खुशालच.

मुलीला मी एवढंच म्हटलं, फोन कमी कर, पण प्रश्न बदल. "जेवलास का?" नको. "आज काय शिजवलंस? कोणाबरोबर जेवलास?" हे विचार. आठवड्याची एक वेळ ठरवा. शुक्रवारी मेणबत्त्या लावण्याआधीची बरी, दोघांनाही लक्षात राहते. डब्यांऐवजी हात शिकवा. मी त्याला त्या सुट्टीत मुगाची खिचडी आणि अंड्यांचा रस्सा शिकवला. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे आणि एकदाच गरम करायचा, हेही. शिळ्या भाताने पोट बिघडलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवायची, रात्री कितीही उशीर झाला तरी. झोपेची घडी तिथूनच बसते.

कुपात होलीमचं काम जाण्याआधीच करावं. सैन्यातून सुटल्यावर मूल पुन्हा कुपात होलीमकडे येतं. नव्या गावातल्या शाखेत डॉक्टर निवडून ठेवावा. दम्याचं मूल असेल तर पंप कुठे ठेवलाय हे खोलीतल्या सोबत्याला माहीत असावं. आराम देणारा पंप आठवड्यात दोनापेक्षा जास्त वेळा लागला तर दमा ताब्यात नाही, डॉक्टरकडे जायलाच हवं. आणि आईबापांनी दवाखान्यात फोन करून भांडू नये. मूल अठरा वर्षांवरचं आहे, त्याच्या परवानगीवाचून तिथे काही सांगत नाहीत. बरोबरच आहे ते.

पहिल्या परीक्षेत नापास झाला तर घरी सुतक पाळू नका. मोएद बेत त्यासाठीच असते.

पण एक गोष्ट वेगळी. दोन आठवडे रोज उदास, झोप नाही किंवा सारखी झोप, कशातच मन नाही, मित्रांना टाळतो, असं दिसलं तर तो आळस समजू नका. विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या दिकानकडे सल्लागार असतात, कुपातचा डॉक्टर आहे. जगायचं नाही असं बोलला तर त्याला सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. मग एकटं सोडू नका, त्याच दिवशी इस्पितळात न्या. एरानचा फोन १२०१, रात्रीही चालू असतो. तातडीला मागेन दाविदचा १०१.

आपण म्हाताऱ्यांनी काय करायचं? "एवढ्या लांब पाठवलंच कशाला?" हे लेकीला ऐकवू नये. मी ऐकवलं होतं, खोटं कशाला बोलू. ती त्याच्या रिकाम्या खोलीत जाऊन बसली आणि दोन दिवस मला फोन केला नाही. त्यापेक्षा तिला शब्बाथला जेवायला बोलवावं. तिलाही कोणी तरी "काल झोपलीस किती?" असं विचारायला हवं असतं.

नातवाचं गणित मोएद बेतला सुटलं. गेल्या गुरुवारी रात्री अकराला त्याचा फोन आला, मी दचकून उठले. "आजी, खिचडीत हळद आधी की मीठ आधी?" मी म्हटलं, काहीही आधी घाल, पण अकराला जेवतोस का रे?