नकाशाचे थर

अकोला जिल्ह्याचा जुना नकाशा आपल्या शाळेत अजून टांगलेला असेल, तर त्यात वाशीम, रिसोड, कारंजा ही गावे अकोल्यातच सापडतील. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा निराळा झाला आणि तो नकाशा जुना पडला. पोरं विचारतात, "गुरुजी, वाशीम तं वेगळा जिल्हा हाये ना?" मग आपण नवा नकाशा काढावयास बसतो.

पण बदलले काय, ते पाहा. पूर्णा, मोर्णा, काटेपूर्णा जागच्या जागी आहेत. गावे हलली नाहीत. बदलली ती सीमारेषा. तरी कागदावर एका रेषेपायी सगळा नकाशा पुन्हा काढावा लागतो. संगणकावर मात्र चित्र थराथरांनी काढता येते. या थराला लेअर म्हणतात. ट्रेसिंग पेपरचे ताव एकावर एक ठेवावेत तसे हे. फक्त हे ताव काचेसारखे स्वच्छ असतात. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९४ साली आली. गिंप हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यातही ती आहे.

सर्वांत खाली जुन्या नकाशाचा फोटो ठेवा. त्याला हात लावू नका. त्यावर एक कोरा थर नद्यांचा, दुसरा गावांचा, तिसरा सीमेचा. प्रत्येकाला नाव द्या, नाहीतर चार दिवसांनी आपले आपल्यालाच उमगत नाही. नावाशेजारी डोळ्याचे चिन्ह असते. ते दाबले की थर दिसेनासा होतो, पण पुसला जात नाही. वर्गात गावांचा थर झाकून खुशाल विचारा, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर कोणते गाव? बाळापूर कोण सांगतो ते पाहू!

चुकलेली रेष पांढऱ्या रंगाने झाकण्याची सवय आपल्याला असते. येथे पांढरा हाही रंगच. तो खालची नदीसुद्धा झाकतो. त्याऐवजी खोडरबर फिरवा, म्हणजे तेवढा भाग पुन्हा पारदर्शक होतो. मात्र आपण कोणत्या थरावर आहोत, हे आधी पाहून घ्यावे.

एक चूक मी स्वतःच केली. नकाशा झाला, तो जेपीजी म्हणून ठेवला आणि मूळ फाइल न ठेवताच संगणक बंद केला. जेपीजीत सारे थर चिकटून एक होतात. पुढे एका गावाचे नाव दुरुस्त करावयाचे होते, तर दोन रात्री पुन्हा नद्या काढीत बसलो. तेव्हा गिंपची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी फाइल आधी जपून ठेवा. छापावयास किंवा व्हॉट्सॲपवर धाडावयास जेपीजी निराळी काढा.