कुत्रे चावल्यावर दाद कोठे मागावी?

सोलापुरात भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा रस्त्याने पायी जाण्याचा प्रसंग बहुधा त्यांच्यावरच येतो, ज्यांच्या दारी वाहन नाही: यंत्रमागाच्या पाळीवरून परतणारा कामगार, वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याकडे निघालेली बाई, शिकवणीहून येणारी मुले. श्वानदंशाचा प्रश्न वर्तमानपत्रांत प्राणिप्रेमी आणि त्यांचे विरोधक यांच्यातील वाद म्हणून रंगत असला, तरी ज्याच्या पोटरीत प्रत्यक्ष दात रुतले, त्याला त्या वादाशी काही कर्तव्य नसते. त्याला लस हवी असते आणि झालेल्या इजेबद्दल दाद हवी असते; पैकी लस बहुधा मिळते, आणि दाद मागता येते हे पुष्कळांच्या गावीही नसते. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2024 साली देशात श्वानदंशाच्या 37 लाखांवर नोंदी झाल्या. त्यांतल्या सुमारे 4 लाख 85 हजार एकट्या महाराष्ट्रातल्या. त्यांतले किती जण कचेरीची किंवा कोर्टाची पायरी चढले असतील, याचा अदमास वाचकांनीच करावा.

प्रथम प्राणरक्षण, मग कायदा. जखमेवर तिखट, चुना, हळद किंवा तंबाखू भरण्याची जी जुनी खोड आपल्याकडे आहे ती निखालस घातक होय. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपचार. पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अद्याप वडीलधाऱ्यांच्या मनात घर करून आहे. परंतु ती लस आपल्या देशात 2004 नंतर बंद झाली असून आजची लस दंडात किंवा त्वचेत, ठरलेल्या दिवशी, चार किंवा पाच वेळा टोचतात. दात खोल गेले असून रक्त आले असेल, तर लसीबरोबरच प्रतिद्रव्याचे इंजेक्शन जखमेत आणि जखमेच्या भोवती द्यावे लागते, कारण लसीचा प्रभाव सुरू होईपर्यंतच्या दिवसांत रेबीजच्या विषाणूला अडवणारे दुसरे काही नसते. डॉक्टरांना त्याविषयी स्पष्ट विचारावे, त्यात संकोच नको. पाण्याची भीती आणि आचके ही लक्षणे एकदा दिसू लागली, की वैद्यकाचे हात टेकतात.

आता त्या कागदाविषयी, ज्याच्यावर पुढची सारी इमारत उभी राहते. सोलापूरकर ज्याला नुसते ‘सिव्हिल’ म्हणतात त्या रुग्णालयात काय, किंवा महापालिकेच्या दवाखान्यात काय, खिडकीशी केस पेपर निघतो. रांग लांब, कारकून घाईत, रुग्ण भेदरलेला. अशा वेळी ‘कुत्रा चावला’ एवढ्या दोन शब्दांवर मजकूर आटोपतो. कोणत्या वेळी, कोणत्या चौकात, पाळलेला की बेवारशी, दातांच्या किती खुणा, मांस निघाले की नुसते ओरखडे, हे सारे डॉक्टरांकडून तेव्हाच लिहवून घेतले आणि जखमेचे छायाचित्र काढून ठेवले, तर तो पुरावा होतो. तीन महिन्यांनी व्रण भरून आल्यावर तोंडी सांगितलेली हकीकत ही नुसती हकीकतच राहते. औषधांच्या पावत्या आणि बुडालेल्या रोजाचा दाखलाही त्याच पिशवीत ठेवावा.

कुत्र्याला धनी असेल तर मार्ग तुलनेने सरळ आहे. जनावराबाबत योग्य खबरदारी न घेणे हा जुन्या दंडसंहितेत कलम 289 खाली गुन्हा होता; 1 जुलै 2024 पासून तोच भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये आला असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गुन्हा दखलपात्र असल्यामुळे फौजदार चावडी असो वा विजापूर नाका, ठाणे अंमलदाराने फिर्याद घ्यावयाची असते. न घेतल्यास पोलीस आयुक्तांकडे लेखी अर्ज आणि तेथूनही निराशा झाल्यास न्यायदंडाधिकारी, असा क्रम आहे. इजा गंभीर, म्हणजे हाड मोडणारी किंवा चेहरा कायमचा विद्रूप करणारी असेल, तर कलम 125 खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते.

ही कलमे निव्वळ पुस्तकी नाहीत. मुंबईत 2010 साली मोटारीपाशी दोघांची बाचाबाची चालली असता, दार उघडू नका अशी विनवणी न जुमानता मालकाने ते उघडले आणि आतला रॉटवायलर एका वृद्ध गृहस्थास चावला. गिरगावच्या न्यायालयाने 2023 साली त्या मालकास तीन महिन्यांची कैद फर्मावली. वरळीत 2018 साली एका इमारतीच्या लिफ्टमध्ये, थांबा म्हणून सांगितले असतानाही मालकाने कुत्रे आत ओढून आणले व ते शेजाऱ्याच्या हाताला चावले. त्या प्रकरणी 2025 साली चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्यात लिफ्टमधील कॅमेऱ्याचे चित्रण कामी आले. एका खटल्यास तेरा वर्षे, दुसऱ्यास सात. विलंबाबद्दल हळहळ वाटते खरी, पण दोन्हीकडे निर्णायक ठरली ती एकच गोष्ट: मालकास आगाऊ बजावले होते. कुत्रे अंगावर येते अशी तक्रार सोसायटीकडे लेखी करून ठेवण्याचे महत्त्व यातच आहे; दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा करतानाही, जनावर खुनशी आहे हे धन्यास ठाऊक होते काय, हा प्रश्न हटकून निघतो.

खरी पंचाईत बेवारशी कुत्र्याची, आणि मघाशी सांगितलेल्या पायी चालणाऱ्यांना चावतो तो बहुधा हाच. मोकाट कुत्री पकडणे, त्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करणे ही जबाबदारी 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या हुकुमाने पिसाळलेली वा आक्रमक कुत्री पुन्हा रस्त्यावर सोडण्यास मनाई केली, आणि 7 नोव्हेंबरच्या हुकुमाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून मोकाट कुत्री हलविण्यास फर्मावले. तेव्हा अशा आवारात दंश झाला तर महापालिकेचा हलगर्जीपणा दाखविणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने 2023 साली दाताच्या प्रत्येक खुणेस किमान 10 हजार आणि मांस निघालेल्या जखमेस दर 0.2 सेंटिमीटरमागे किमान 20 हजार रुपये असा दरच बांधून दिला. हा निकाल आपल्या राज्यावर बंधनकारक नाही, परंतु वकिलाने तो पुढे ठेवण्यास कोणाची हरकत नाही. आणि असा दर महाराष्ट्र सरकारने आपण होऊन ठरवावा, अन्यथा रोजंदारीवरील माणसास कोर्टाच्या खेटा घालणे परवडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर आहे तो मार्ग चोखाळावा. उच्च न्यायालयात रिट अर्ज करण्यासाठी सोलापूरकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सुरू झालेल्या सर्किट बेंचच्या सहा जिल्ह्यांत सोलापूर आहे. वकिलाच्या फीची धास्तीही अनेकांनी विनाकारण घेतलेली असते: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोणतीही स्त्री आणि कोणतेही बालक, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलास पात्र आहे, म्हणजे विडी घरकुल वसाहतीतील कामगार स्त्रीने जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कचेरीत साधा अर्ज दिला तरी पुरे. मात्र महापालिकेवर दिवाणी दावा लावावयाचा तर 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम 487 आडवे येते: आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. म्हणून लसीचा शेवटचा डोस घेऊन झाल्याबरोबर वकिलाकडे जावे, आणि त्याने लिहून दिलेली नोटीस महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीतील आवक-जावक विभागात देऊन, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्यावाचून तेथून हलू नये.