आज्ञावलीने काढलेली रेघ

डिजिटल कला म्हटले की आज पडद्यावरची झळझळीत रंगसंगती डोळ्यांपुढे येते. तिचा उगम मात्र कागदावर शाईने ओढलेल्या काळ्या रेघांत आहे. 1960च्या दशकात बहुतेक संगणकांना चित्र दाखवणारा पडदाच नव्हता. संगणकाने काढलेले उत्तर छिद्रांच्या रूपाने कागदी पट्टीवर उतरे, ती पट्टी ‘प्लॉटर’ या आरेखनयंत्रात घातली जाई आणि यंत्राची लेखणी त्या सूचनांबरहुकूम कागदावर फिरे. नकाशे व आलेख यांसाठी बनवलेल्या या यंत्राकडून चित्रे काढून घेण्यात गणिताची व अभियांत्रिकीची माणसे आघाडीवर होती.

सीमेन्स कंपनीतील गेओर्ग नेस यांच्या आरेखनांचे प्रदर्शन तत्त्वज्ञ माक्स बेन्झे यांनी फेब्रुवारी 1965 मध्ये स्टुटगार्ट येथे भरवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यू यॉर्कला बेल प्रयोगशाळेतील मायकल नोल व बेला युलेश यांची, तर नोव्हेंबरमध्ये पुन्हा स्टुटगार्टला नेस आणि फ्रीडर नाके यांची चित्रे मांडली गेली.

या कलेचे मर्म नेस यांच्या ‘शोटर’ (अर्थात ‘खडी’) या 1968च्या सुमाराच्या चित्रात सर्वांत स्वच्छ दिसते. त्यात 12 स्तंभ आणि 22 ओळींत मिळून 264 चौरस आहेत. वरच्या ओळीत ते एकमेकांना चिकटून शिस्तीत बसलेले दिसतात, पण खाली येता येता कलू लागतात, जागा सोडतात आणि तळाशी खडीच्या ढिगासारखे विखुरतात. प्रत्येक चौरसाने किती कलावे हे ठरते यादृच्छिक संख्येवरून, म्हणजे आधी सांगता न येणाऱ्या, जणू फासा टाकून मिळालेल्या संख्येवरून. मात्र त्या फाशाला किती मोकळीक द्यायची आणि ती ओळीगणिक कशी वाढवायची, हे आज्ञावलीत नेस यांनी लिहिलेले आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपक्यांची मांडणी आणि ते जोडण्याचा नियम यांतून आकृती उमलते. येथे त्या नियमातच चुकण्याची मर्यादा ठरवून दिलेली आहे, आणि चित्राचे सगळे सौंदर्य या मोजून दिलेल्या मोकळिकीत आहे.

नोल यांनी चित्रकार मोंद्रियान यांचे 1917चे रेषाचित्र आणि त्याच धर्तीवर संगणकाने केलेली रचना 100 जणांना दाखवली, तेव्हा संगणकाचे चित्र केवळ 28 जणांना ओळखता आले आणि 59 जणांना तेच अधिक आवडले. या निष्कर्षाचा गाजावाजा बराच झाला, परंतु दोन्ही चित्रे छायाप्रतींच्या रूपात दाखवलेली असल्याने मोंद्रियान यांच्या कुंचल्याचा स्पर्श तुलनेतून आधीच वगळला गेला होता, हे विसरता येत नाही.

संगणक नसतानाही ही विचारपद्धती शक्य होती, हे वेरा मोलनार (1924–2023) यांनी दाखवून दिले. बुडापेस्टमध्ये जन्मून पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या या चित्रकर्तीने 1959 पासून ‘काल्पनिक यंत्र’ मानून, स्वतःच घालून घेतलेले नियम हाताने पायरीपायरीने पाळत चित्रमालिका केल्या; खरा संगणक त्यांना 1968 मध्ये वापरायला मिळाला.

हॅरल्ड कोहेन हे तर प्रस्थापित चित्रकार. 1966च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले होते. 1970च्या दशकात त्यांनी ‘ॲरन’ ही आज्ञावली रचायला घेतली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रे असंख्य तयार प्रतिमांच्या अभ्यासातून निपजतात; ॲरनला मात्र बंद आकार कोणता, पुढची वस्तू मागचीला कशी झाकते, हे सारे कोहेन यांनी नियमांच्या रूपाने शिकवले. सुरुवातीला त्याच्या रेखाटनांत रंग ते स्वतः भरत, पुढे तेही काम आज्ञावलीकडे गेले. 2016 मध्ये निधन होण्यापूर्वीच्या वर्षांत मात्र ते मोठ्या स्पर्शपडद्यावर ॲरनच्या रेघांमध्ये पुन्हा बोटांनी रंग भरू लागले होते.