लॅपटॉपवर गाणी बनवणारा मुलगा : हे करिअर आहे की नुसता छंद?

मुलगा रात्रभर हेडफोन लावून लॅपटॉपवर म्युझिक बनवतो, याचं पुढे काय होणार? ही चिंता आज आपल्या अनेक घरांत आहे. संगीताबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. त्याबाबत आपापल्या आलिमांना विचारावं. पण हे काम नेमकं काय असतं, हे कळल्याशिवाय होकारही नीट देता येत नाही आणि नकारही. म्हणून आम्ही एक उदाहरण घेतो.

ब्रिटनचा प्रोड्युसर 'नॉटी बॉय' म्हणजे शाहिद खान. पाकिस्तानी वंशाच्या घरातला, वॉटफर्डमध्ये वाढलेला. आधी पिझ्झाच्या दुकानात आणि हॉस्पिटलमध्ये छोट्या नोकऱ्या केल्या. एका ट्रस्टकडून 5,000 पौंडांची मदत मिळाली, टीव्हीवरच्या गेम शोमध्ये 44,000 पौंड जिंकले आणि आई-वडिलांच्या बागेतल्या शेडमध्ये स्टुडिओ सुरू झाला. 2009 मध्ये 'डायमंड रिंग्ज' गाजलं. त्यात गायलेल्या एमेली सँडेच्या 2012 च्या अल्बमवरही त्याने काम केलं. तो त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक विकला गेला. 2013 मध्ये 'ला ला ला' तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

म्हणजे नशिबाने भांडवल मिळालं, पण नाव व्हायला आणखी काही वर्षं मेहनत लागली. नवीन गायकासोबत जमलेली जोडी इथे फार कामाला येते.

प्रोड्युसर गाण्याचा ताल, वाद्यं, आवाजाची मांडणी ठरवतो. रिमिक्स करणारा मूळ गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक घेऊन ते नव्याने बांधतो. कमाई तीन वाटांनी येते : कामाची फी, रॉयल्टी आणि कार्यक्रम.

आपल्या मुलांची फसगत होते ती कागदपत्रांत. दुसऱ्याच्या गाण्याचं रिमिक्स परवानगीशिवाय विकणं किंवा प्रसिद्ध करणं कायद्यात बसत नाही. यूट्यूबवरून ते काढलंही जातं. उलट स्वतःची चाल असेल, तर 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकारांचा रॉयल्टीचा हक्क राखला आहे. त्यासाठी मुंबईतल्या आयपीआरएस संस्थेचं सदस्यत्व घेता येतं.

म्हणून वालिदैनना आमचं सांगणं एवढंच : शिक्षण सुटू देऊ नका, कर्ज काढून महागडी मशीन घेऊ नका आणि कुठल्याही करारावर वाचल्याशिवाय सही करू देऊ नका. मुलांनीही घरच्यांपासून काही लपवू नये. समोर बसून बोललं, तर अर्धे प्रश्न घरातच सुटतात.