‘आता नाही’ इंग्रजीत कसं सांगाल?

ही दोन वाक्यं नीट वाचा.

‘शेजारचे काका खोटं बोलत नाहीत.’
‘शेजारचे काका आता खोटं बोलत नाहीत.’

फरक एकाच शब्दाचा. पण दुसरं वाक्य काकांच्या कानावर गेलं, तर ते लगेच विचारतील, “म्हणजे पूर्वी बोलायचो की काय?”

‘पूर्वी होतं, आता थांबलं’ असं सांगणारा हा ‘आता’ इंग्रजीत नेताना आपण ‘नाऊ’ लिहून मोकळे होतो. पण या कामासाठी इंग्रजीत खास क्रियाविशेषण आहे – ‘नो लाँगर’. ‘लाँग’ म्हणजे लांब, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथे लांबी काळाची! ‘नो लाँगर’ म्हणजे ‘यापुढे अधिक काळ नाही’.

२००६ साली खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रहांत गेला. म्हणून, ‘प्लूटो इज नो लाँगर अ प्लॅनेट.’ पाहा, ‘इज’, ‘आर’ असेल तर ‘नो लाँगर’ त्याच्यानंतर येतं. इतर क्रियापद असेल तर त्याच्या आधी – ‘शी नो लाँगर लिव्ह्ज हिअर.’

हे झालं जरा पुस्तकी. बोलताना ‘नॉट’ आणि शेवटी ‘एनी मोअर’ म्हणतात. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. म्हणून, ‘वुई डोन्ट सेंड टेलिग्राम्स एनी मोअर.’

आता दोन गोष्टी गाठीला बांधा. ‘नो लाँगर’मध्ये नकार आहेच, सोबत पुन्हा ‘नॉट’ नको. आणि जी गोष्ट पूर्वी खरोखर होती, तिच्यासाठीच हे शब्द वापरा. दादाने कधीच कॉपी केली नसेल आणि तुम्ही निबंधात लिहिलंत, ‘माय ब्रदर नो लाँगर चीट्स’, तर ते कौतुक न होता चक्क चहाडी होईल!

आपली मराठी तर हा अर्थ क्रियापदातच बसवते. ‘दिसेनासा झाला’, ‘येईनासा झाला’ – ‘आता’ न म्हणताही कळतं, की पूर्वी दिसायचा, यायचा. अशा वाक्यांनाही इंग्रजीत ‘नो लाँगर’ छान बसतं.

चला, वही काढा आणि इंग्रजी करा. हवं तर आईबाबांनाही सोबत घ्या.

१. आजी आता गावी राहत नाही.
२. ते दुकान आता तिथे नाही.
३. माझा मित्र माझ्याशी बोलेनासा झालाय.

तिसरं वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल, तर वही मिटा. आधी मित्राकडे जा!