ज्यांची जयंती नाही, त्यांचा उत्सव



आज इथे येताना पुलाजवळ आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. विषय ऐकून म्हणाला, "सर, कृष्णवर्णीयांचा इतिहास साजरा करायचा तो अमेरिकेत. प्रवरेच्या काठावर त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. आमचं आजचं सगळं बोलणं म्हणजे त्याला दिलेलं उत्तर समजा.

आधी अमेरिकेचं थोडक्यात सांगतो. तिथे फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना मानतात. ह्याची सुरुवात कार्टर वुडसन ह्या इतिहासकाराने केली. त्यांचे आई-वडील गुलामगिरीत जन्मले होते. १९२६ साली वुडसन यांनी एक आठवडा ठरवला. पुढे १९७६ मध्ये त्याचा महिना झाला. (त्याच १९२६ साली आपलं भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. दोन्हींचा संबंध काही नाही, पण तुमच्या लक्षात राहावं म्हणून सांगतो.) आठवडा फेब्रुवारीतलाच का? तर त्यात अब्राहम लिंकन यांचा जन्मदिवस येतो, १२ तारखेला, आणि फ्रेडरिक डग्लस यांचा १४ तारखेला.

आता इथे जरा थांबू. डग्लस हे गुलामगिरीतून पळून सुटलेले, पुढे तिच्याविरुद्ध आयुष्यभर लिहिणारे-बोलणारे मोठे पुरुष. पण १४ फेब्रुवारी हा त्यांचा खरा जन्मदिवस नव्हे. तो त्यांना ठाऊकच नव्हता. गुलामाच्या पोराचा जन्म कोण लिहून ठेवणार? त्यांनी आपल्या मनाने एक दिवस घेतला.

आमच्या पिढीतल्या लोकांना हे पटकन कळेल. आमच्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस १ जून! गुरुजींनी शाळेत नाव घालताना जो लिहिला तो. आमचाही १ जूनच. आपण त्यावर हसतो, पण त्यामागे एक गोष्ट आहे. जन्मतारीख ही नोंद असते, आणि नोंद कुणाची होते हे समाज ठरवतो. आपण महाराष्ट्रातली माणसं जयंतीवर फार प्रेम करणारी. फलक, मिरवणूक, हार, भाषण. पण जयंती कुणाची करता येते? ज्याचा जन्म कुणीतरी लिहून ठेवला, त्याची. ज्यांचा लिहिलाच नाही, त्यांचं काय करायचं, हा आजचा आपला प्रश्न आहे.

आणि असा एक माणूस आपल्या नगर जिल्ह्याच्या इतिहासात अगदी मधोमध उभा आहे. मलिक अंबर.

साधारण १५४८ च्या सुमाराला इथिओपियात एक मूल जन्मलं. घरचं नाव चापू. आईचं नाव आपल्याला माहीत नाही. लहानपणीच तो विकला गेला, एकदा नव्हे, हातोहात. अरबस्तान, बगदाद असा फिरत दख्खनेत आला. 'अंबर' हे नाव बगदादच्या मालकाने दिलेलं. इथे त्याला विकत घेतलं निजामशाहीचा वजीर चंगेजखान याने, आणि गंमत बघा, हा चंगेजखान स्वतः हबशीच होता, तोही एके काळी गुलाम. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला, शिपाईगिरी करत वर चढला. १६०० साली चांदबिबी मारली गेली, नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं. तेव्हा अंबरने परंड्याला दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली आणि पुढे पंचवीस वर्षे राखली. जहांगीर बादशहा इतका चिडला, की त्याने अंबरच्या कापलेल्या मस्तकावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मस्तक त्याला कधी मिळालं नाही. ते चित्र आज डब्लिनच्या एका ग्रंथालयात आहे.

१६१० मध्ये अंबरने खडकी गाव वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून नळ घालून पाणी आणलं, ती नहर-ए-अंबरी. महसुलाचा मक्ता बंद करून जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवला. 'मलिकंबरी धारा' हा शब्द आपल्या जुन्या माणसांच्या कानावरून गेलेला असेल. आणि १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा एकदम पराभव केला. तळ्याचं पाणी सोडून शत्रूची वाट चिखलात घातली. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजीराजे तिथेच पडले.

आता एक कबुली देतो. गेली पाच मिनिटं आम्ही काय बोललो ते आठवा. 'शहाजीराजे लढले', पण 'मलिक अंबर आला', 'त्याने वसवलं'. एका रणांगणावर एका बाजूने उभी असलेली ही दोन माणसं. एकाला आम्ही अहो-जाहो केलं, दुसऱ्याला अरे-तुरे. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकातून, भाषणांतून ते आपोआप जिभेवर बसलं. तेव्हा उत्सवाची सुरुवात इथूनच करू. ह्यापुढे 'मलिक अंबर आले' म्हणू. खर्च शून्य, आणि मांडवही घालावा लागत नाही.

पण आदर दिला की काम झालं असं नव्हे. इथे एक धोका आहे. मोठ्या माणसाचा गौरव करताना आपण म्हणतो, "बघा, गुलाम होता आणि केवढा झाला!" ह्या वाक्यात गुलामगिरी ही जणू तालीम होऊन बसते. दख्खनेतली गुलामगिरी अमेरिकेतल्या मळ्यांसारखी नव्हती हे खरं. इथला गुलाम सरदार होऊ शकत असे, त्याचा मुलगा वजीर होऊ शकत असे. पण पहिली पायरी दोन्हीकडे एकच आहे: आईजवळून ओढून नेलेलं मूल. एक अंबर वर आले, आणि वाटेत तांबड्या समुद्राकाठी, जहाजावर, बाजारात किती राहिले? त्यांना जयंतीही नाही आणि पुण्यतिथीही नाही. अंबरांचं स्मरण त्या सगळ्यांच्या वतीने व्हायला हवं. नाहीतर तो आपल्याच पराक्रमाचा आणखी एक फलक होईल.

कुणी विचारेल, आणि विचारावंच, "मग जंजिऱ्याच्या सिद्दीचं काय?" जंजिऱ्याचे सिद्दी हे शिवछत्रपतींचे शत्रू होते, हे लपवायचं कारण नाही. त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. पण एक राजघराणं म्हणजे एक समाज नव्हे. त्या घराण्यावरून आपण यल्लापूरच्या जंगलात राबणाऱ्या माणसाला ओळखणार आहोत काय? कर्नाटकात यल्लापूर, हळियाळ, अंकोला ह्या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठी शब्द इतके, की तुमचं-आमचं सहज संभाषण व्हावं. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गुजरातेत गीरच्या परिसरात, जांबूरला, सिद्दी आहेत. तिथल्या हिरबाई लोबी यांना सिद्दी बायकांसाठी केलेल्या कामाबद्दल २०२३ साली पद्मश्री मिळाली. ही आजची माणसं आहेत.

आणि हा विषय मराठीला नवा आहे असंही समजू नका. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून जोतीरावांना ते दुःख परकं वाटलं नाही, कारण आपल्या दारातलं दुःख त्यांना दिसत होतं. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी संघटना काढली, तिचं नाव 'दलित पँथर' ठेवलं, ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आणि 'एक होता कार्व्हर'? वीणा गवाणकर यांचं ते पुस्तक ह्या सभागृहात निम्म्यांनी तरी वाचलेलं असेल. भुईमूग, जमिनीचा कस, साधी राहणी हे सगळं आपल्याला आठवतं. पण जॉर्ज कार्व्हर गुलामगिरीत जन्मले, त्यांचीही जन्मतारीख पक्की नाही, आणि एका कॉलेजने केवळ कातडी काळी म्हणून त्यांना दारातून परत पाठवलं, हे आपण किती वेळा मुलांना सांगतो? प्रेरणा घेतली, इतिहास तिथेच ठेवला.

म्हणून गावात करायच्या चार गोष्टी सांगतो. पहिली झाली, ती भाषेची. दुसरी, सहल. नगरपर्यंत आपण कामाला जातोच. थोडं पुढे भातवडी, म्हणजे आजचं भातोडी. तिथलं तळं आणि शरीफजीराजांची समाधी मुलांना दाखवा आणि तिथेच मलिक अंबरांची गोष्ट सांगा. ती समाधी आणि ते पाणी एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. अंबर गेले मे १६२६ मध्ये. २०२६ मध्ये त्याला चारशे वर्षे होतात. जयंती नाही, पण पुण्यतिथी आहे. त्यांची कबर खुलताबादला आहे, तिथेही जाता येईल.

तिसरी, वाचन. शाळेत 'कार्व्हर' मोठ्याने वाचा, पण गाळलेली पानं न गाळता. आपल्या उसाच्या पट्ट्यात किती रानं पाण्याने आणि खतांनी खारावली, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. मातीचा विचार करणाऱ्या त्या माणसाला मातीत राबणाऱ्यांनी वाचावं ह्यासारखा उत्सव नाही.

चौथी, पाहुणे. सिद्दींचा धमाल नाच आता महोत्सवांत दिसतो. जरूर बोलवा. पण नाचवून, फोटो काढून परत पाठवू नका. मानधन द्या, घरी जेवायला न्या, आणि एक तास त्यांना बोलू द्या. नाच पाहणं सोपं असतं, ऐकणं अवघड.

शेवटी जे सांगायचं ते थोडं अवघड आहे. आम्ही नवे प्राध्यापक असताना वर्गात एक चांगला काळा मुलगा होता. हजेरीत त्याचं नाव आलं की मागून आवाज यायचा, "हबशी!" वर्ग हसायचा. आम्हीही हसायचो. तत्त्वज्ञान शिकवत होतो, समतेवर तास घेत होतो, आणि हसत होतो. बऱ्याच वर्षांनी तो एका लग्नात भेटला. पाया पडला, चौकशी केली. मग सहज म्हणाला, "सर, शाळेत इतिहासाच्या पुस्तकात मलिक अंबर आला की मी ते पान उलटायचो. वर्ग माझ्याकडे बघायचा ना. कॉलेजात तरी सुटेल वाटलं होतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आम्हाला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

'हबश' म्हणजे इथिओपिया. 'हबशी' म्हणजे तिथला माणूस. एका देशाच्या नावाची आपण शिवी केली, आणि ती शिवी आपल्याच पोरांच्या अंगावर टाकली. मुलगी दाखवताना 'रंग जरा कमी आहे' म्हणतो, तेव्हाही दुसरं काय करतो?

तर पुलावरच्या त्या मित्राला आमचं उत्तर एवढंच. हा विषय अमेरिकेचा आहेच, पण ज्या दिवशी आपल्या शाळेतला एखादा काळा पोरगा मलिक अंबरांचा धडा उभा राहून मोठ्याने वाचेल आणि मागून कुणी हसणार नाही, त्या दिवशी कोल्हारात हा उत्सव झाला असं आम्ही समजू. तारीख कुठलीही असो. नाहीतर १ जून आहेच.